आईचं विसरणं आणि कोराडी रोडची हवा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, तुम्ही आईंना सावनेर तालुक्यातल्या गावाहून नागपुरात आणलं, मानकापूरच्या पुढे, कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोराडी रोडला लागून असलेल्या तुमच्या घरी. आई आता सत्तरीच्या आहेत. वर्षभरापासून तोच प्रश्न परत परत विचारतात, दोनदा गॅसवर दूध ठेवून विसरल्या. मामाजींना, म्हणजे आईंच्या भावाला, पार्किन्सन आहे. त्यात प्रदूषणाने डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होतो अशी बातमी तुमच्या वाचण्यात आली. आता तुम्ही विचारताय : हे या घरामुळे झालं का, घर विकून बेसा किंवा थेट पुण्याकडे जावं का, आणि तोवर एअर प्युरिफायर कोणता घ्यावा?

मी नागपुरात सव्वीस वर्षं न्यूरॉलॉजी करतोय, आणि हा प्रश्न गेल्या चार-पाच वर्षांत फार वाढलाय. त्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले असतात. आईंना आज काय झालंय, हा एक. आणि ही हवा घरातल्या सगळ्यांच्या मेंदूचं पुढच्या वीस वर्षांत काय करणार, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर हवेत शोधायला हवं, पहिल्याचं मात्र तिथे सापडणार नाही. ते तपासणीतूनच मिळेल आणि ती या आठवड्यातच करा. तिच्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो. तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळींमधून मला आणखी एक गोष्ट दिसली : ‘मीच तिला इथे आणलं.’ आधी त्याबद्दल बोलू.

प्रदूषण आणि डिमेन्शिया यांचा संबंध आता नाकारता येत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये हवेच्या प्रदूषणाला डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घेतलं आणि २०२४ च्या यादीतही ते कायम ठेवलं. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये ५१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यांत मिळून जवळपास २ कोटी ९० लाख लोक होते. हवेतल्या पीएम २.५ या फार बारीक धूलिकणांचं दीर्घकाळचं प्रमाण घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढलं, तर डिमेन्शियाचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेला त्यांना दिसला. तुम्ही वाचलेल्या बातमीत बहुधा हाच आकडा असणार.

आता हा १७ टक्के नीट समजून घ्या, कारण इथेच लोक घाबरतात. शंभरातल्या सतरा जणांना आजार होणार, असा त्याचा अर्थ नाही. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या सर्वेक्षणातून आला. ढोबळ हिशेबासाठी तोच पाया धरू. सात-साडेसातमध्ये सतरा टक्क्यांची भर म्हणजे साडेआठच्या आसपास. म्हणजे शंभर आजी-आजोबांच्या गटात साधारण एक जण जास्त. तो एक जण तुमची आईच आहे की नाही, हे जगातला कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. एमआरआयमध्ये ते दिसत नाही, रक्तात दिसत नाही. पण हाच हिशेब एक लाख वृद्धांच्या शहराला लावा, तर बाराशेच्या वर कुटुंबं वाढतात. म्हणूनच घरातल्या माणसाला मी ‘घाबरू नका’ म्हणतो आणि महापालिकेच्या बैठकीत बोलायची वेळ येते तेव्हा तोच आकडा जोर लावून मांडतो.

आणखी एक सांगायला हवं. यातले बहुतेक अभ्यास युरोप-अमेरिकेतले आहेत, जिथली हवा आपल्यापेक्षा बरीच स्वच्छ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ४०. तिथली रेघ तशीच सरळ ओढत आपल्या आकड्यांपर्यंत आणता येईल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

हे कण मेंदूपर्यंत पोचतात कसे, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते कळलं की पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो, पीएम २.५ म्हणजे त्याच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक कण. ते नाकात अडत नाहीत, फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यांपर्यंत जातात आणि तिथे सूज पेटवतात. ती सूज रक्तातून सगळीकडे फिरते. रक्तवाहिन्या कडक होतात, बीपी वाढतं आणि मेंदूच्या बारीक नळ्यांना रक्त कमी पडतं. माझ्या अनुभवात नुकसानीचा हा रस्ता सगळ्यात रुळलेला आहे. दुसरा रस्ता नाकातून आहे. अतिसूक्ष्म कण वासाच्या नसेवाटे थेट वर चढू शकतात. २०१६ मध्ये मेक्सिको सिटी आणि मँचेस्टर इथल्या मृत व्यक्तींच्या मेंदूंमध्ये मॅग्नेटाइटचे, म्हणजे लोहचुंबकी खनिजाचे, गुळगुळीत गोल कण सापडले. मोठ्या उष्णतेत जळताना तयार होतात तसे ते होते. कणांमुळेच आजार झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. पण बाहेरचं जळकं मेंदूत पोचतं, एवढं मात्र त्याने दाखवून दिलं.

आता तुमच्या आईंकडे या. सावनेरकडच्या गावात त्या लग्नापासून स्वयंपाक करत होत्या. कशावर? माझा अंदाज, चुलीवर. तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या. त्या पिढीतल्या बायांना मी हा प्रश्न हटकून विचारतो. उमरेडकडच्या एक आजी गेल्या हिवाळ्यात आल्या होत्या. चूल किती वर्षं, विचारलं तर बोटं मोजायला लागल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या, “फोडणीचा वासच नाही येऊन राहिला डॉक्टरसाहेब, मोहरी करपली का नाही ते डोळ्याने पाहावं लागते.” घरच्यांनी त्यांना विसरण्यासाठी आणलं होतं; वास गेल्याचं कुणाला ठाऊकच नव्हतं. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हवेतले कण रस्त्यावरच्या गर्दीलाही मागे टाकतात. तीस-पस्तीस वर्षं रोज दोन वेळा त्या धुरात बसलेल्या बाईच्या आयुष्याच्या हिशेबात कोराडी रोडची बारा वर्षं किती येतात, ते तुम्हीच बघा. तुमच्या घरात तिला गॅस मिळाला. धुराच्या बाबतीत तुम्ही तिला बहुधा चांगल्या हवेत आणलंत, वाईट नाही. हे मी तुमचं मन राखायला म्हणत नाही, हिशेब तसाच निघतो.

मामाजींच्या पार्किन्सनबद्दल पुरावा इतका पक्का नाही. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात लाखो लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण ३०० मीटरच्या पलीकडच्यांपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी जास्त निघालं, पण पार्किन्सनचा संबंध त्यात दिसला नाही. इतर काही अभ्यासांत तो थोडाफार दिसतो. २०२५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या चमूने पीएम २.५ आणि ल्यूई बॉडी डिमेन्शिया, म्हणजे पार्किन्सनच्या चुलत भावंडासारखा आजार, यांचं नातं उंदरांतही दाखवलं. चित्र अजून पूर्ण झालेलं नाही. पण मामाजी शेतकरी असतील, काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल, तर मी आधी फवारणीचं विचारेन. पॅराक्वॉटसारख्या तणनाशकांचा आणि पार्किन्सनचा संबंध हवेच्या धुरापेक्षा ठळक आहे. अजूनही कुणी पाठीवर पंप घेऊन उघड्या हातांनी, तोंडाला नुसता गमछा बांधून फवारत असेल, तर त्याला आजच थांबवा. आणि बहीण-भाऊ दोघांना मेंदूचा आजार म्हणून तुम्हालाही होणारच, असं नाही. साठीनंतर सुरू होणारे हे आजार बहुतांशी थेट वारशाने येत नाहीत.

घर विकायचं का? माझं मत : आत्ता, या कारणासाठी, नको. आईंना खरोखरच स्मृतीचा आजार सुरू झाला असेल, तर नवीन घर हाच त्यांच्यासाठी मोठा धक्का ठरेल. आज रात्री अंधारातही त्यांना संडास सापडतो, दिव्याचं बटण कुठे आहे ते हाताला माहीत आहे, समोरच्या काकू हाक मारतात. विसरणारा माणूस डोक्यापेक्षा या सवयींवर जास्त चालतो. मी अशी कुटुंबं पाहिली आहेत की जागा बदलली आणि सहा महिन्यांत आई दोन वर्षं पुढे गेल्यासारखी झाली.

शिवाय, पळून जाणार कुठे? बेसा-मनीषनगरकडे बांधकामाची धूळ आहे, हिंगणा आणि बुटीबोरीला एमआयडीसी, भांडेवाडीच्या बाजूला कचऱ्याचा धूर, वाडीकडे ट्रक. औष्णिक केंद्राच्या उंच चिमणीचा धूर दूरवर पसरतो. त्यातला सल्फर डायऑक्साइड वाटेत हवेतच सल्फेटच्या बारीक कणांत बदलतो, त्यामुळे तो एकट्या कोराडीचा राहत नाही. आपला कोळसा जाळला की त्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी राख उरते, तिची ने-आण नीट झाकून झाली नाही की शेजारच्या वस्तीला त्रास होतोच. हा प्रश्न सगळ्यांनी मिळून लावून धरायचा आहे, आणि तो धरावाच. पण तुमच्या एका कुटुंबाने घर विकून त्यात फरक पडत नाही. ऑन्टारियोच्या त्या अभ्यासातून घरच्या पातळीवर मी एवढंच घेतो की अंतर महत्त्वाचं. आईंची खोली रस्त्याच्या बाजूला असेल, तर ती मागच्या बाजूला करा. रस्त्याकडच्या खिडक्या सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बंद ठेवा आणि दुपारी उघडा. पुढे कधी मुलांसाठी घर बदलाल, तर शहर बदलण्याआधी मुख्य रस्त्यापासून चार गल्ल्या आत जाण्याचा विचार करा.

प्युरिफायरचं सांगतो. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडे तो जवळपास निरुपयोगी आहे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात घर कूलरवर चालतं. कूलर बाहेरची हवा खेचून आत फेकतो आणि हवा निघून जायला आपण समोरची खिडकी उघडी ठेवतो. मग प्युरिफायर कुणाची हवा गाळणार? माझ्या घरी जूनमध्ये कूलरच्या खसाच्या जाळ्या धुतो, तेव्हा बादलीतलं पाणी काळपट तपकिरी होतं आणि तळाशी बोटभर गाळ बसतो. ती जाड धूळ, खसाने अडवलेली. पीएम २.५ ओल्या खसातून बहुतांशी निसटून जातो. म्हणून पाणी काळं झालं की हवा स्वच्छ झाली, असं समजू नका. जाळ्या वेळच्या वेळी बदला आणि कूलर शक्यतो रस्त्याकडच्या खिडकीला लावू नका.

खरी गरज नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. थंडीत गार हवा जमिनीलगत बसते, वर गरम हवेचं झाकण पडतं आणि शेकोट्या, कचरा, गाड्यांचा धूर त्याखाली कोंडतो. तेव्हा आपण दारंखिडक्या लावूनच झोपतो, म्हणून प्युरिफायरचा उपयोग होतो. बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ४१ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी म्हटलं, तर डब्यावरचा सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा, २०० च्या पुढे असायला हवा. बारीक कण अडवणारा हेपा फिल्टर त्यात असावा. ओझोन किंवा आयन सोडणारं यंत्र घेऊ नका. पैसे मोजके असतील तर एकच घ्या आणि आईंच्या झोपायच्या खोलीत ठेवा. फिल्टर बदलायचा खर्च आधीच विचारून घ्या, कारण दुसऱ्या वर्षी तो न बदलल्याने अर्धी यंत्रं नुसता पंखा होऊन बसतात.

पण त्याआधी घरातलं जळणारं थांबवा, त्याला पैसेच लागत नाहीत. रात्रभर उशाशी जळणारी डासांची कॉइल काढा, मच्छरदाणी लावा. देवघर आईंच्या खोलीत असेल, तर उदबत्ती-धूप खिडकीजवळ लावा, किंवा तुपाच्या निरांजनावर भागवा. हे त्यांना न दुखावता करा. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट चालू ठेवा. अंगणातला पालापाचोळा जाळू नका, खड्ड्यात घाला.

आणि एक हवा अशी आहे की जी मेंदूला वीस वर्षांत नव्हे, वीस मिनिटांत मारते. बाथरूममधला गॅस गीझर आणि बंद खोलीतली कोळशाची शेगडी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. दर हिवाळ्यात आमच्याकडे असा एखादा रुग्ण येतो. काही जण शुद्धीवर येऊन घरी जातात आणि दोन-तीन आठवड्यांनी स्मृती जाते, चाल पार्किन्सनसारखी होते. तुमचा गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल, तर प्युरिफायरच्या पैशातून आधी तो बाहेरच्या भिंतीवर लावून घ्या.

सकाळच्या फिरण्याचं बरेच जण विचारतात. हिवाळ्यात अंबाझरीला पहाटे साडेपाचला जाऊ नका. ऊन वर येऊ द्या, साडेआठ-नऊला निघा. फिरणं बंद मात्र करू नका, कारण मेंदूसाठी चालण्याचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याहून साधारणपणे मोठाच भरतो. आपल्याकडच्या मुली गाडीवर तोंडाला दुपट्टा बांधतात, तो उन्हाला ठीक, बारीक कणांना नाही. वाईट दिवशी कडेने घट्ट बसणारा एन-९५ मास्क लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर हवेच्या गुणवत्तेचा रोजचा आकडा दिसतो. मात्र फोनमधली इतर ॲप्स बऱ्याचदा अमेरिकन पट्टी लावतात, म्हणून एकाच हवेचे दोन आकडे दिसून गोंधळ होतो. मी थेट पीएम २.५ पाहतो : ६० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर नेहमीसारखं वागा, ९० च्या वर असेल तर आईंना रस्त्याला नेऊ नका.

आता आईंची तपासणी. इथे माझी कळकळीची विनंती आहे, कारण ‘प्रदूषणामुळे झालं’ किंवा ‘वयामुळे झालं’ म्हणून गप्प बसलेल्या घरांत बरी होणारी माणसं निसटतात. लॅन्सेट आयोगाच्या हिशेबात डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांमागे हवेच्या प्रदूषणाचा वाटा सुमारे ३ टक्के आहे. ऐकू कमी येण्याचा ७ आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचाही ७. आईंना टीव्ही मोठ्याने लागतो का? तोच प्रश्न पुन्हा विचारतात, तो उत्तर ऐकूच न आल्यामुळे तर नाही? बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर आणि बीपी बघून घ्या. आपल्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता फार आढळते आणि वेळेत सापडली तर विसरणं सुधारतं. वडील गेल्यापासून, गाव सुटल्यापासून त्या मनाने खचल्या आहेत का, हेही बघा; म्हातारपणीचं नैराश्य हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. गेल्या सहा महिन्यांत कुठे पडल्या असतील, डोक्याला किरकोळ का होईना मार लागला असेल, तर नक्की सांगा. सावकाश रक्त साचून असं विसरणं येतं, आणि छोट्या शस्त्रक्रियेने माणूस ठीक होतो.

आम्ही डॉक्टर काय करतो, तेही सांगतो, म्हणजे आई घाबरणार नाहीत. एक साधी परीक्षा असते : कागदावर घड्याळ काढा आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा. मागे निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ आले होते. गोल सुंदर, आकडे टाइपात कोरल्यासारखे, आणि मग पेन थांबलं. बराच वेळ बघून त्यांनी एक काटा अकरावर लावला आणि दुसरा दहावर. दहा मिनिटं म्हणजे दोनचा आकडा, हे आयुष्यभर मुलांना शिकवलेलं त्यांच्या हातून निसटलं होतं. शेजारी बसलेल्या बायकोला ते लगेच कळलं. तिने काही न बोलता त्यांचा हात धरला. त्या दिवशी निदान झालं म्हणून बीपी आणि साखर आवरली, कानाला यंत्र लागलं, बँकेची कामं मुलाच्या नावाने वेळेत झाली. आज तीन वर्षांनी ते रोज नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडायला जातात, बायको सोबत असते.

जाताना आईंना ‘तुझं डोकं तपासायला’ म्हणून नेऊ नका, ‘बीपी-साखरेसोबत सगळंच एकदा दाखवू’ म्हणा. त्यांच्या विसरण्याच्या चार-पाच घटना तारखेसह लिहून न्या आणि तो कागद त्यांच्यासमोर वाचू नका, डॉक्टरांच्या हातात द्या. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरून न्या : बीपीची, लघवीची, सर्दीची, आणि झोप येत नाही म्हणून शेजारणीने दिलेली असेल तर तीसुद्धा. यातल्या काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाला सरळ विसरभोळं करतात, आणि मी कितीदा तरी औषध लिहून देण्याऐवजी त्या पिशवीतूनच एक पाकीट बाजूला काढून ठेवलंय.